आमच्या घरची कावीळ

आमच्या घरात भर उन्हात कोणी बाहेर निघत नाही. निघायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. बोर धरणावर सहलीला गेलो तर आमची मुलं काठावर बसतात आणि दुसऱ्यांची मुलं पोहताना पाहतात. आणि वरणावर तेलाचा तवंग दिसला की माझा मुलगा धनंजय ताट बाजूला सरकवतो. सेलूत लोक आमच्या कापड दुकानाला जितकं ओळखतात तितकंच या तीन खोडींनाही ओळखतात. माझी सून सपना लग्न होऊन आली तेव्हा तिला देवघर नंतर दाखवलं, आधी या तीन गोष्टी सांगितल्या.

कारण विचाराल तर धनंजय सांगेल. त्याचे आजोबा भैय्याजी ऊन लागून गेले. त्याचा काका श्रावण बोर धरणाच्या पाण्यात गेला. आणि वडील, म्हणजे माझे यजमान अण्णाजी, काविळीनं गेले.

मी या घरात पन्नासाहून जास्त वर्षं आहे आणि तिघांनाही मी पाहिलं आहे. भैय्याजींना ऊन लागलं हे खरं. भर वैशाखात दुपारी ते केळीच्या वाडीच्या बांधावर पडले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. श्रावण पाण्यात गेला हेही खरं. सोबतचे सगळे पोहून बाहेर आले, पण तो ज्या अवस्थेत उतरला त्या अवस्थेत माणूस गाईच्या हौदातही बुडेल. अण्णांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, त्यातही काही खोटं नाही. माझ्या सासूबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्याच. त्या फक्त शेवटचा शब्द सांगायच्या, त्याच्या आधीचा गिळून टाकायच्या. आधीचा शब्द तिघांचाही एकच होता.

सासूबाई गेल्या, पण त्यांचे शब्द राहिले. ऊन, पाणी, कावीळ. धनंजय त्याच शब्दांवर मोठा झाला आणि त्यानं त्याच शब्दांवर त्याचा मुलगा पियुष मोठा केला. बिनतेलाचं वरण, पावसाळ्यात उकळलेलं पाणी, उन्हाळ्यात उसाचा रस. रसानं लिव्हर थंड राहतं म्हणे. या घरात ज्याची बंदी हवी ते सोडून बाकी सगळ्याची बंदी आहे.

आणि आमचा अख्खा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आली तेव्हा मी नवी नवरी होते आणि वाटलं होतं, चला, आपला प्रश्न सरकारनं सोडवला. अण्णांना कापड आणायला नागपूरला इतवारीत जावं लागायचं. "माल आणायले जाऊन राह्यलो," असं म्हणून ते सकाळच्या गाडीनं निघत. संध्याकाळी तागे यायचे आणि ताग्यांच्या आत दुसरा मालही यायचा. पुढे पुढे आमच्या घरात माल म्हणजे काय, हे मांजरालाही कळायचं.

वाईट माणूस नव्हता तो. आज कोणाला सांगितलं तर पटत नाही, पण त्या वेळी सेलूच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे केळीच्या बागा होत्या, आणि अण्णा मला संध्याकाळी सायकलवर पुढे बसवून बागांच्या वाटेनं फिरवायचे. चार लोक पाहायचे तरी त्यांना पर्वा नसे. दुकानात त्यांच्यासारखा हात कोणाचा नव्हता. मलमल कात्रीनं कापत नाहीत, काठाला कात्रीचा एक छोटा टवका मारतात आणि हातानं फाडतात. अण्णा फाडायचे तर एका दोऱ्यावरून चीर जायची, पट्टी लावून पाहा. अर्धी बाटली पोटात असली तरी तशीच. गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. मग ते माझ्याकडे पाहून हळूच म्हणायचे, "लीला, मले चढतच नाई."

मी विशीची होते. मला तो गुण वाटला होता.

हे सगळं मी आता लिहायला बसले नसते. पण चैत्र लागला आणि अण्णांची पुण्यतिथी चार दिवसांवर असताना पियुषच्या कॉलेजातून दुकानात फोन आला. पियुष नागपूरच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या खोलीत चार मुलं दारू पिताना सापडली होती. धनंजय आणि सपना तसेच उठून गेले आणि दुपारी पियुषला त्याच्या बॅगेसकट घेऊन परत आले.

मी तोंड कडू करून बसले होते. धनंजय मात्र सत्कार घेऊन आल्यासारखा आत आला.

"आई, वॉर्डन सर सोता म्हणत होते. तुमचा पोरगा होता म्हणून बाकीचे तिघं वाचले. एक तं बेशुद्ध पडलता. यानंच त्याले उचललं, यानंच आटो बोलावला, यानंच दवाखान्यात नेलं. बाकीच्या पोट्ट्यांचे बाप खाली मान घालून बसलते. मी एकटा सरळ बसलो."

"काऊन? तुझा पोरगा उसाचा रस पेत होता का?"

"पेला ना, त्यानंही पेली. त्यांच्याएवढीच. पण त्याले काही झालंच नाई."

"घरचं खाणं आहे आई," सपना म्हणाली. तिनं पियुषच्या पुढ्यात ताट ठेवलं. "लहानपणापासून बिनतेलाचं. लिव्हर मजबूत आहे त्याचं."

मी तिच्याकडे पाहत राहिले. शिकलेली मुलगी आहे, हिंगणीच्या शाळेत पहिली यायची म्हणे. या घरात आली आणि अशी झाली.

पियुष वरण-भात कालवत होता. चेहरा अण्णांचा, बसणं अण्णांचं, सगळे म्हणतात आज्यावर गेला. त्यानं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

"आजी, टेन्शन नोको घेऊ. हॉस्टेलात मले टाकी म्हणतात. कितीही टाका. मले चढतच नाई."

माझ्या हातात वरणाची वाटी होती. ती मी खाली ठेवली. तेच तीन शब्द, तोच स्वर. भैय्याजी मिशीवर हात फिरवून म्हणायचे, अण्णा हळूच म्हणायचे, हा डोळा मिचकावून म्हणाला. शब्दसुद्धा बदलला नाही या लोकांनी.

"धनंजय," मी म्हटलं, "ऐकलं का?"

"काय?"

"हा काय म्हणाला ते."

"खरंच आहे आई. मी पाह्यलं ना. बाकीचे पोट्टे असे लोळून राह्यलते, अन् हा टवटवीत."

डोकं आपटावं तर भिंतही त्यांचीच.

पुढची बातमी त्याहून वरची होती. चौघांनाही हॉस्टेलातून काढलं होतं. तेव्हा चौघांच्या बापांनी तिथेच आवारात उभं राहून ठरवलं, की कॉलेजजवळ एक फ्लॅट भाड्यानं घ्यायचा आणि मुलांना एकत्र ठेवायचं. पियुष सोबत असला की आम्हाला काळजी नाही, असं बाकीचे तिघे बाप म्हणाले. धनंजयला ते ऐकून इतका आनंद झाला की त्यानं तिथेच होकार दिला. पुण्यतिथी झाली की दुसऱ्याच दिवशी सामान हलवायचं.

म्हणजे दारू पिणाऱ्या चार मुलांवर देखरेख करायला त्यांच्यातलाच जो सगळ्यात जास्त पिऊ शकतो तो नेमला होता. वर वॉर्डन नाही, खाली आई नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी दुकानात गेले. धनंजय गादीवर बसून तागे गुंडाळत होता. भिंतीवर अण्णांचा फोटो, त्याला ताजा हार.

"त्याले खरं सांग," मी म्हटलं. "फ्लॅटवर जायच्या आधी सांग."

"कायचं खरं?"

"तुले मालूम आहे."

"आई, पुण्यतिथी तोंडावर आहे. आता हा विषय नोको काढू."

"मी कुठी काढला? तुझ्या पोरानं काढला. मी वीस वर्षांपूर्वी काढलता तं तू पोट दुखते म्हणून झोपून गेलता."

"बाबा काविळीनं गेले. डॉक्टरनं तसं सांगतलं होतं. मी त्याईचे पाय चेपत होतो, तू नाई."

हे खरं होतं. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि रोज शाळेतून आला की बापाचे पाय चेपायला बसायचा. चौदा वर्षांच्या मुलाला आजारी बाप चालतो, दुसरा चालत नाही. पण आता तो पन्नाशीला आला. त्यानं स्वतः आयुष्यात थेंबही घेतला नाही. का नाही घेतलास, असं कोणी विचारलं की म्हणतो, वास सहन होत नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात, चांगल्या घरात वाढलेल्या मुलाला तो वास कुठून ठाऊक, हे त्याला कोणी विचारत नाही.

"तू सांगत नसशीन तं मी सांगीन," मी म्हटलं.

"सांग. तो तुझं ऐकते का पाह्य."

त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. या घरात माझं ऐकतात ते लोणच्यात मीठ किती, एवढ्यापुरतं.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळी मी केळझरच्या गणपतीला जाते. या वेळी पियुषला म्हटलं, तू मला गाडीवर घेऊन चल. त्यानं दुपट्टा बांधला, सपनानं त्याच्या खिशात कांदा घातला आणि आम्ही निघालो. पूर्वी या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीची पानं हलायची. आता कपाशी आणि सोयाबीन, आणि चैत्रात तर तेही नाही, नुसती तापलेली काळी माती. दर्शन झालं. देवळाच्या पायऱ्यांवर सावली पाहून मी त्याला बसवलं.

"तुझ्या खिशात काय आहे?"

"कांदा."

"काऊन?"

"ऊन नाई लागत. भैय्याजी पणजोबा उन्हानं गेले ना."

"ऊन तं पूर्ण सेलूले लागते. बाकीचे काऊन नाई गेले?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

"ते दारू पिऊन बांधावर पडलते बाबू. सकाळपासून पडलते. तुझा श्रावण आजा पिऊन पाण्यात उतरला. अन् तुझ्या आजोबाची कावीळ दारूची होती. नागपूरच्या डॉक्टरनं माझ्या तोंडावर सांगतलं, बाई, यांचं लिव्हर दारूनं खाल्लं. मी तिथीच उभी होती."

पियुष खाली वाकला. मग चप्पलचा पट्टा नीट करत म्हणाला, "आजी, कावीळ खराब पाण्यानं होते. दरवर्षी मीच तं माइकवर सांगतो."

आमच्याकडे ती एक रीत आहे. पुण्यतिथीला दुकानासमोर रसवंती लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट रस देतात. पियुष सातवीत होता तेव्हापासून माइकवर बोलतो. आमचे आजोबा काविळीनं गेले, तरी सर्वांनी पाणी उकळून प्यावं, उघड्यावरचं खाऊ नये. लोक टाळ्या वाजवतात आणि उघड्यावरचा रस पितात.

"पाण्यानंही होते," मी म्हटलं. "त्याची पाण्यानं नव्हती झाली."

"मंग बाबा खोटं बोलते का?"

"तुझ्या बाबाले विचार, त्याले दारूचा वास कुठून मालूम."

हे त्याला लागलं असावं. पण विशीतलं पोरगं हरत नसतं.

"ठीक आहे, पेत असतीन आजोबा. पण आजी, त्याईचं वेगळं होतं. त्याईले सवय होती. मी फक्त शनिवारी घेतो. अन् मी कधी पडत नाई, ओकत नाई, बडबड करत नाई. तू पाह्यलं का कधी मले तसं? मले चढतच नाई, मंग होईन काय?"

"तेच तं सांगून राह्यली ना मी." माझा आवाज चढला, पुजाऱ्यानं वळून पाहिलं. "ज्याले चढते तो दोन पेल्यांत आडवा होते. ओकते, तोंड वाकडं करते, लोक हसते, बायको दार लावून घेते. त्याले थांबवायले शंभर जण असते. ज्याले चढत नाई त्याले कोण थांबवन? त्याचं पोटही नाई सांगत, बस म्हणून."

"तू भिऊन राह्यली, म्हणून म्हणते तसं."

पाहा आता. खरं सांगावं तर म्हणे म्हातारी भ्यायली. मला इतका राग आला की वाटलं, याच पायरीवर याला सोडून सेलूपर्यंत चालत जावं. पण गुडघे त्याच्या गाडीवरच आले होते.

"माझं नोको ऐकू," मी म्हटलं. "किसनरावले विचार. आज रस प्यायले येईनच तो."

"काय विचारू?"

"बाकी काही नोको विचारू. फक्त एवढं विचार, अण्णाले चढत होती का?"

किसनराव शिंपी अण्णांच्या वेळी आमच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसायचे. आता ऐंशीच्या जवळ आले आहेत, दिसतं कमी, पण पुण्यतिथीचा रस चुकवत नाहीत. दुपारी रसवंती आली, घुंगरू वाजायला लागले, आणि किसनरावांना ओट्यावर खुर्ची दिली. मी आत दुकानाच्या दाराशी बसले होते. पियुष त्यांच्यासाठी दुसरा ग्लास घेऊन आला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

"आबाजी, एक विचारू का?"

"विचार ना बाबू."

"आमच्या आजोबाले चढत होती का?"

किसनरावांनी आधी आजूबाजूला पाहिलं. धनंजय रसवंतीपाशी होता. मग त्यांच्या तोंडावर असा काही आनंद आला, जणू कित्येक वर्षांनी कोणी त्यांना त्यांच्या आवडीचं गाणं म्हणायला सांगितलं.

"अण्णाले? चढत होती का म्हणते. अरे बाप्पा, पूर्ण सेलूत, वर्धेपर्यंत जाय, तसा गडी नव्हता. आमी सारे लंबे होऊन जात होतो, अन् हा उभा. एकेकाले सायकलवर बसवे अन् घरी सोडून दे. माझ्या मायले सांगे, काकू, किसनले झोपवा, त्याले ऊन लागलं. आमच्या माया म्हणत, अण्णा सोबत असला तं आमाले काळजी नाई."

पियुषच्या हातातला ग्लास तसाच राहिला. कॉलेजच्या आवारात त्या तीन बापांनी काय म्हटलं होतं ते त्याला आठवलं असेल. मला तर आठवलंच.

"मंग आबाजी," त्यानं हळू विचारलं, "तुमी अजून आहा, अन् तो काऊन गेला?"

किसनरावांनी रसाचा घोट घेतला. मिशीला लागलेला फेस पुसला.

"मले दोन पेल्यांत ओकारी येत जाये बाबू. वर बायको दार नाई उघडत. ओट्यावर कुत्र्यासंगं झोपाव लागे. कटाळून सोडून देल्ली. त्याले कटाळाच नाई आला. त्याचा कधी अपमानच नाई झाला ना." मग आत माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "व्हय ना वहिनी?"

"व्हय," मी म्हटलं.

तेवढ्यात धनंजय माइक घेऊन आला. "चाल पियुष, बोल. लोक वाट पाहून राह्यले."

रसवंतीवाल्यानं यंत्र थांबवलं. घुंगरू थांबले. रांगेत वीस-पंचवीस माणसं होती, बाजाराचा दिवस असल्यामुळे खेड्यातलेही बरेच होते. पियुष उभा राहिला. त्यानं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला काही खूण केली नाही.

"नमस्कार," तो म्हणाला. "आज आमच्या आजोबांची, कैलासवासी अण्णाजींची पुण्यतिथी. ते काविळीनं गेले."

धनंजयनं समाधानानं मान हलवली.

"ती कावीळ त्यांना दारूनं झाली होती. ते दारूनं गेले. त्यांचे वडील आणि भाऊही दारूनंच गेले." माइकवर त्याची भाषा शुद्ध होते, तशी ती झाली होती. मग एकदम घरच्या बोलीत आला. "सारे म्हणते मी आज्यावर गेलो. बस, एवढंच. रस घ्या."

मी धनंजयकडे पाहायचं टाळलं. वाटलं, आता काय होतं कोण जाणे. इतकी वर्षं सासूबाईंनी, मग या मुलानं जे झाकून ठेवलं, ज्यासाठी मला प्रत्येक सणाला गप्प बसवलं, ते भर बाजारात भोंग्यावरून सांगून झालं होतं.

काही झालं नाही. रांग एक पाऊल पुढे सरकली. पुढे उभ्या असलेल्या शोभाबाई, आमच्याच गल्लीतल्या, माझ्याहून मोठ्या. त्यांनी ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "ते तं आमाले मालूमच आहे बापू. बर्फ कमी टाकजो, दात ठणकते."

मागचे दोघे-तिघे हसले. कोणीतरी म्हणालं, अण्णाजी दिलदार होते पण. घुंगरू पुन्हा वाजायला लागले.

सगळ्या सेलूला ठाऊक होतं. फक्त आमच्या घराला ठाऊक नव्हतं. ज्या लाजेपायी आम्ही खिशात कांदे घालून फिरलो, ती लाज बाहेर कोणी मोजतसुद्धा नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रस मागवला.

धनंजय आत जाऊन गादीवर बसला. मला वाटलं, आता भांडेल. तो नुसता एक तागा उलगडत होता आणि पुन्हा गुंडाळत होता. गर्दी ओसरल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"या गादीवर बसलो की मले अजूनही वास येते," तो म्हणाला. "कापूस बदलून पाह्यला मी. दोनदा."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

फ्लॅट रद्द झाला. ते सोपं नव्हतं. तिघा बापांचे फोन आले, एक तर रागावलाच. तुमच्या मुलाच्या भरवशावर आम्ही डिपॉझिट दिलं, म्हणाला. धनंजयनं त्याला सांगितलं, "माझ्या मुलाच्या भरवशावर माझाच मुलगा ठेवून नाई राह्यलो मी, तुमचा कुठी ठेवू." हे मात्र त्यानं बरं सांगितलं. आता पियुष सेलूहून रोज बसनं अप-डाऊन करतो. कंटाळतो, कुरकुर करतो, बसमध्ये जागा मिळाली नाही की संध्याकाळी मला ऐकवतो, जशी काही मी महामंडळाची मालक आहे.

सोडली का, असं मी विचारलं होतं.

"आजी, पूर्ण सोडली असं मी म्हणत नाई. म्हटलं तं खोटं होईन. पण मी टाकी नाई आता. ते नाव मी बंद केलं."

"नाव बंद केलं. अन् नळ?"

"तू पाह्य ना. रोज घरी येतो तं."

इथेच तर सगळी अडचण आहे. कसं पाहू? दुसऱ्याच्या घरी मुलगा पिऊन आला तर पाय सांगतात, जीभ सांगते. आमच्या घरचे पाय सरळ पडतात.

गेल्या शनिवारी तो रोजच्यापेक्षा उशिरा आला. मित्राचा वाढदिवस होता म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक होतं, एका बाईला बारशाला मलमल हवी होती, आणि धनंजय वर ताग्यांत अडकला होता. पियुषनं बॅग ठेवली, मलमल मोजली, कात्रीचा टवका मारला आणि फाडली. चर्र असा एकच आवाज. एका दोऱ्यावरून चीर गेली. बाई म्हणाली, हात चांगला आहे हो मुलाचा.

धनंजय शिडीवरून माझ्याकडे पाहत होता. मी त्याच्याकडे. चीर सरळ होती आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं. त्याच्या आज्याचीही सरळच जायची.

बाई गेल्यावर मी पियुषला बोलावलं.

"इकडे ये. हाऽ कर."

"आजी, काय हे."

"हाऽ कर म्हटलं ना."

तो वाकला आणि त्यानं माझ्या तोंडावर हाऽ केलं. कांद्याचा असा भपकारा आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कांदा खाल्ला?"

"खिशातला. भूक लागलती बसमध्ये." त्यानं डोळा मिचकावला नाही, एवढं मी पाहिलं. "तूच म्हणे ना, ऊन तं पूर्ण सेलूले लागते. मंग खिशात ठेवून काय करू?"

आता त्या कांद्याच्या मागे आणखी काही होतं का, हे देवाला ठाऊक, नाहीतर त्याला. मी पुन्हा हाऽ करायला लावलं. पुन्हा कांदाच.

"सपना," मी आत हाक मारली, "उद्यापासून याच्या खिशात कांदा घालायचा नाई."

"अन् ऊन लागलं तं?" आतून आवाज आला.

"लागू दे," मी म्हटलं.